सोर्स कोड मागणारी एक मेल आणि त्यानंतरचे ३८ दिवस

६ फेब्रुवारीला सकाळी सपोर्टच्या इनबॉक्समध्ये चार ओळींची मेल आली. "तुमच्या उपकरणात लिनक्स आणि बिझीबॉक्स चालतं. फर्मवेअर २.१ चा संपूर्ण सोर्स कोड बिल्ड स्क्रिप्टसह मिळावा. जीपीएलनुसार तो मागण्याचा मला हक्क आहे." खाली मॉडेल आणि सिरियल नंबर. धमकी नव्हती, रागही नव्हता.

मी ती तीनदा वाचली आणि पोटात खड्डा पडला. जीपीएल हे लिनक्ससारख्या खुल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स. प्रोग्रॅमचं यंत्रावर चालणारं रूप, म्हणजे बायनरी, वाटायचं तर तो ज्यातून बांधला तो लिहिलेला कोडही द्या, असं ते सांगतं. मागणी रास्त आहे हे पहिल्या वाचनातच कळलं होतं. आणि द्यायला हातात काहीच तयार नाही, हेही.

आमची टीम सात जणांची. गोदामं आणि प्रयोगशाळांमधलं तापमान, आर्द्रता नोंदवून सर्व्हरला पाठवणारं एक छोटं उपकरण आम्ही बनवतो. फर्मवेअरची, म्हणजे उपकरणाच्या आतल्या सॉफ्टवेअरची, प्रत्येक आवृत्ती बाहेर काढण्याचं काम माझ्याकडे. आत लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, उपकरण सुरू करणारं यू-बूट, रोजच्या आज्ञांचा संच बिझीबॉक्स आणि आणखी सत्तरेक पॅकेजेस, सगळं बिल्डरूट या साधनाने एकत्र बांधलेलं. खोक्यात वापराची पुस्तिका होती, वॉरंटीचा कागद होता. लायसन्सबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. आम्ही काही लपवत होतो असं नाही, पण चार वर्षांत हे काम कुणी हातातच घेतलं नव्हतं, आणि ते घ्यायचं होतं मी.

त्या दिवशी मी इतरांचे अनुभव शोधले तेव्हा कोर्टकचेऱ्यांच्या बातम्या पुष्कळ मिळाल्या. छोट्या टीमने नेमकं काय करायचं, कोणत्या क्रमाने, हे मात्र फारसं कुठे सापडलं नाही. म्हणून हे सगळं तारखांसकट लिहून ठेवते आहे.

पहिली गोष्ट केली ती उत्तर पाठवण्याची. ७ तारखेला सकाळी लिहिलं: "तुमची विनंती मिळाली. २.१ चा कोड देणं आमचं कर्तव्य आहे. तो अजून एकत्र केलेला नाही, त्याला काही आठवडे लागतील. दर शुक्रवारी काम कुठवर आलं ते कळवीन." तासाभरात त्यांचं उत्तर आलं, "धन्यवाद, थांबतो." अशी मेल आली की आधी पोच द्या, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. कोड तयार नसला तरी. मागणाऱ्याला सर्वांत जास्त त्रास शांततेचा होतो. आणि बहुतेक वाद चिघळतात ते महिनोन्‌महिने उत्तर न आल्याने.

दुपारी बैठक झाली. आमच्या संचालकांनी विचारलं, "हे गृहस्थ आपले ग्राहक आहेत का?" मी सिरियल नंबर तपासला होता. ते उपकरण एका प्रयोगशाळेला विकलेलं होतं, यांनी ते नंतर जुन्यात घेतलं असणार. "मग आपण यांना का द्यायचं?" प्रश्न प्रामाणिक होता, आणि तो पुष्कळांना पडतो म्हणून उत्तर सविस्तर लिहिते.

लिनक्स कर्नल आणि बिझीबॉक्स दोन्ही जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहेत. हे लायसन्स जून १९९१ चं. त्याचं तिसरं कलम सांगतं की बायनरी दुसऱ्याच्या हाती द्यायची असेल तर दोन मार्ग आहेत. एक, सोर्स कोड बरोबरच द्या. दोन, किमान तीन वर्षं वैध असलेली लेखी ऑफर बरोबर द्या की कोड मागणाऱ्या कोणालाही तो देऊ, आणि त्यासाठी प्रत पोचवण्याच्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त घेणार नाही. तिसरा मार्ग आहे, दुसऱ्याकडून मिळालेली ऑफर पुढे सरकवण्याचा, पण तो व्यापारी वितरणाला चालत नाही. ऑफरच्या वाक्यात "कोणालाही" आहे, "ग्राहकाला" नाही. आम्ही दोन्हींतलं काहीच केलं नव्हतं, तेव्हा हे आपले ग्राहक नाहीत असं म्हणायला आम्हाला जागाच उरत नव्हती.

चौथं कलम वाचलं तेव्हा खोलीत सगळे गप्प झाले. अटी मोडून वितरण केलं तर वितरणाचा हक्क आपोआप संपतो, असं ते सांगतं. संचालकांनी तिथल्या तिथे ठरवलं की कोड तयार होईपर्यंत नवीन उपकरणं पाठवायची नाहीत. पॅक झालेली खोकी परत रॅकवर गेली. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार आदर वाटला, कारण त्या निर्णयाचा भार शेवटी त्यांच्याच डोक्यावर होता.

९ तारखेला ओपन सोर्स लायसन्सचं काम करणाऱ्या एका वकील बाईंशी दोन तास बोललो. बाहेरचा खर्च एवढाच, बाकी सगळा खर्च आमच्याच तासांचा. त्यांनी सांगितलेलं मी वहीत उतरवून घेतलं. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे जून २००७ च्या, चूक सुधारायला वाव आहे: हक्कधारकाने पहिल्यांदाच कळवलं आणि ३० दिवसांत दुरुस्ती केली तर हक्क कायमचे परत मिळतात. दुसऱ्या आवृत्तीत ही सोय नाही, पण कर्नलच्या अनेक विकसकांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर केलं की कर्नलमधल्या आपल्या कोडपुरती आपण हीच सोय लागू करू. आम्हाला लिहिणारे गृहस्थ हक्कधारक नव्हते, त्यामुळे ही मुदत कायद्याने आमच्यावर सुरू झालेली नव्हती. तरीही आम्ही ती स्वतःला लावून घेतली. भिंतीवर ३० चौकटींचा कागद चिकटवला.

दुसरं त्यांनी सांगितलं ते मला जास्त उपयोगी पडलं. त्या म्हणाल्या, "कोड म्हणजे काय याची व्याख्या लायसन्समध्येच आहे, ती समोर ठेवूनच काम करा." ती व्याख्या अशी: बदल करायला सर्वांत सोयीचं असलेलं रूप, सगळ्या मॉड्यूल्सचा कोड, इंटरफेसच्या फायली, आणि कंपाइल व इन्स्टॉल करण्यासाठी वापरलेल्या स्क्रिप्ट. मी तो शेवटचा शब्दसमूह लाल शाईने अधोरेखित केला. मूळ प्रकल्पांच्या संकेतस्थळांकडे बोट दाखवून भागणार नव्हतं. आमच्या उपकरणात जी बायनरी आहे तीच पुन्हा बांधता येईल असा संच द्यायचा होता.

१० ते १४ फेब्रुवारी मोजदाद केली. बिल्डरूट वापरणाऱ्यांसाठी एक मोठी सोय आहे, "मेक लीगल-इन्फो" ही आज्ञा. ती चालवली की एका फोल्डरमध्ये पॅकेजेसचा कोड, लायसन्सचे मजकूर आणि एक मॅनिफेस्ट सीएसव्ही तयार होते. आमच्या यादीत ७४ ओळी आल्या. पण शेजारीच एक रीडमी तयार होतो, आणि तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यात इशारे असतात. आमच्याकडे तीन होते. बाहेरून घेतलेल्या टूलचेनचा, म्हणजे कोडची बायनरी करणाऱ्या साधनांचा, कोड संचात नव्हता. आमच्या स्वतःच्या दोन पॅकेजेसचं लायसन्स "अज्ञात" होतं, कारण ते कुणी लिहिलंच नव्हतं. आणि तिसरा इशारा वाचून मी खुर्चीत ताठ बसले: कर्नलचा कोड साठवलेला नाही. आम्ही कर्नल नेहमीच्या जागेऐवजी आमच्याच यंत्रावरच्या फोल्डरमधून (ओव्हरराइड करून) बांधत होतो, आणि असा कोड बिल्डरूट गोळा करत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी मुख्यतः मागणी आली होती तेच संचात नव्हतं. तो रीडमी न वाचता झिप करून पाठवलं असतं तर बिनकर्नलचा संच गेला असता.

यादीतल्या सगळ्या ओळींचं ओझं सारखं नसतं. एमआयटी, बीएसडी यांसारख्या लायसन्सखालच्या पॅकेजेसचा कोड द्यायची सक्ती नाही, पण कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सचा मजकूर पोचवावा लागतो. आम्ही तेही केलेलं नव्हतं. ग्लिबसी ही सगळ्या प्रोग्रॅमना लागणारी मूलभूत लायब्ररी. ती एलजीपीएलखाली, म्हणजे जीपीएलच्या सौम्य रूपाखाली, आहे. तिच्याशी आमचे प्रोग्रॅम डायनॅमिक पद्धतीने, म्हणजे चालताना, जोडले जात होते, त्यामुळे तिथे फार अडलं नाही. स्टॅटिक, म्हणजे लायब्ररी प्रोग्रॅमच्या आतच घालून, जोडले असते तर वापरणाऱ्याला बदललेली लायब्ररी पुन्हा जोडता यावी म्हणून ऑब्जेक्ट फायली द्याव्या लागल्या असत्या.

संचालकांनी सर्व्हरबद्दलही विचारलं. तिथे आमचा डॅशबोर्ड आमच्याच यंत्रांवर चालतो, कुणाला बायनरी दिली जात नाही, म्हणून साध्या जीपीएलचं वितरणाचं बंधन तिथे लागत नाही. एजीपीएल असतं तर चित्र वेगळं असतं. त्याचं तेरावं कलम नेटवर्कवरून वापरणाऱ्यांनाही बदललेल्या आवृत्तीचा कोड देऊ करायला लावतं. यादी पाहिली, एजीपीएल नव्हतं, तो विषय दहा मिनिटांत संपला.

खरी अडचण वायफायची. चिप पुरवणाऱ्या कंपनीने आम्हाला विकास-संच दिला होता. त्यात कर्नल ४.९ चा एक फोल्डर होता, इतिहासाशिवाय, आणि वायफायचा ड्रायव्हर होता फक्त कंपाइल केलेल्या मॉड्यूलच्या रूपात. मी त्या मॉड्यूलवर "मॉडइन्फो" ही मॉड्यूलची माहिती दाखवणारी आज्ञा चालवली. लायसन्सच्या ओळीत लिहिलेलं होतं: जीपीएल. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कर्नलमधली काही फंक्शन्स फक्त जीपीएल जाहीर करणाऱ्या मॉड्यूल्सनाच वापरता येतात. ड्रायव्हरला ती हवी होती म्हणून त्याने स्वतःला जीपीएल म्हणवलं, पण कोड मात्र कुणाला दिला नाही.

१२ फेब्रुवारीला त्यांना लिहिलं. आठ दिवस काही नाही. २० तारखेला उत्तर आलं: गोपनीयतेच्या करारावर सही करा, मग कोड देऊ. मला क्षणभर मोह झाला की सही करावी आणि मोकळं व्हावं. पण करार केला असता तर तो कोड पुढे देता आला नसता, आणि आम्हाला तो पुढे देण्यासाठीच हवा होता. शिवाय जीपीएलचं सहावं कलम सांगतं की घेणाऱ्याच्या हक्कांवर आणखी बंधनं घालता येत नाहीत. २१ तारखेला दुसरं पत्र गेलं. त्यात आवाज चढवला नाही. मॉड्यूलचं नाव, त्याचा हॅश (फाइलची ओळख पटवणारा ठसा), मॉडइन्फोचा पूर्ण मजकूर, सहाव्या कलमाचा उल्लेख, आणि शेवटी एक वाक्य: "आमच्याकडे आलेल्या विनंतीला उत्तर देण्यासाठी आम्हाला हा कोड ५ मार्चपर्यंत हवा आहे." पहिलं पत्र विक्री विभागाकडे गेलं होतं, हे दुसरं त्यांच्या कायदा विभागालाही पाठवलं. १ मार्चला ड्रायव्हरचा कोड आला, कराराशिवाय. पहिल्या पत्रापासून १७ दिवस. पुरवठादाराकडे काही मागायचं असेल तर ते पहिल्या दिवशी मागा. बाकीची कामं त्या वाट पाहण्याच्या काळात बसतात.

मधल्या काळात आमच्याच घरातली चूक सापडली. उपकरण सेट करायला आमचा एक छोटा कमांड-लाइन प्रोग्रॅम आहे, तीनेक हजार ओळींचा, पूर्णपणे आम्ही लिहिलेला. १५ फेब्रुवारीला मी प्रत्येक बायनरी कोणत्या लायब्ररीशी जोडलेली आहे ते तपासत होते. त्या प्रोग्रॅमपुढे नाव आलं रीडलाइन. बाणाच्या कळांनी मागच्या आज्ञा याव्यात म्हणून कुणीतरी ती जोडली होती. रीडलाइन एलजीपीएलखाली नाही, पूर्ण जीपीएलखाली आहे, आणि ६.० पासून तिसऱ्या आवृत्तीच्या. तिच्याशी जोडून वाटलेला प्रोग्रॅम जीपीएलच्या अटींवरच द्यावा लागतो. हे पूर्वीही घडलेलं आहे: क्लिस्प नावाचा लिस्पचा इंटरप्रिटर रीडलाइन वापरत होता, त्यावरून पत्रव्यवहार झाला आणि १९९२ मध्ये तो जीपीएलखाली आला.

पहिला विचार सगळ्यांचा एकच: रीडलाइन काढा, बीएसडी लायसन्सची लिबएडिट घाला. अर्ध्या दिवसाचं काम. ते करून झालंसुद्धा. पण त्याने पुढच्या आवृत्त्या सुटत होत्या. आधी गेलेली शेकडो उपकरणं रीडलाइनसकटच लोकांकडे चालू होती, आणि ज्यांनी कोड मागितला होता त्यांच्या हातातही तीच आवृत्ती होती.

यावर चार दिवस चर्चा झाली. संचालकांची काळजी कॅलिब्रेशनच्या गणिताची होती. ते गणित या प्रोग्रॅममध्ये नाही. ते एका वेगळ्या प्रोसेसमध्ये आहे, ती रीडलाइन वापरत नाही, आणि दोघांमध्ये सॉकेटवरून साधा मजकूर जातो-येतो. वकील बाईंनी रचना समजून घेतली आणि ते दोन स्वतंत्र प्रोग्रॅम आहेत असं मत दिलं. १९ तारखेला निर्णय झाला: सेटिंगचा प्रोग्रॅम जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली खुला करायचा. ज्याने तो लिहिला होता तो सहकारी त्या रात्री उशिरापर्यंत बसून कोडमधल्या टिपा नीट करत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आता लोक वाचणार, म्हणाला.

तिसऱ्या आवृत्तीमुळे आणखी एक गोष्ट समोर आली. घरगुती वापराच्या उपकरणात असा प्रोग्रॅम असेल तर बदललेला प्रोग्रॅम त्या उपकरणावर चढवण्याची माहितीही द्यावी लागते. आमचं उपकरण घरगुती मानायचं की नाही यावर वाद घालत बसलो नाही. फर्मवेअरवर सहीची सक्ती नव्हतीच, त्यामुळे सिरियल पोर्ट कसा जोडायचा, यू-बूटमधून फर्मवेअरची प्रतिमा, म्हणजे बांधून तयार झालेली फाइल, कशी चढवायची, हे दीड पानात लिहून टाकलं.

२२ फेब्रुवारीपासून बिल्डची परीक्षा सुरू झाली. एक कोरं यंत्र घेतलं, संच त्यावर कॉपी केला आणि नेटवर्कची केबल काढून ठेवली. हे केबल काढणं फार महत्त्वाचं आहे. जोडलेली असेल तर जे राहिलं ते बिल्डरूट गुपचूप इंटरनेटवरून आणतं, आणि आपल्याला वाटतं सगळं संचात आहे. पहिल्या दिवशी बिल्ड नऊ ठिकाणी अडला. आम्ही स्वतः जोडलेल्या एका पॅकेजचं मूळ संकेतस्थळ बंद पडलेलं निघालं, फाइल एका सहकाऱ्याच्या जुन्या डाउनलोड फोल्डरमध्ये मिळाली. हॅश जुळला तेव्हा मी सुस्कारा सोडला. एक स्क्रिप्ट माझ्याच होम फोल्डरमधल्या फाइलचा पत्ता धरून बसली होती. बिझीबॉक्सची कॉन्फिग फाइल जुन्या आवृत्तीची होती. टूलचेन मात्र आम्ही दिली नाही, तिचं नाव, नेमकी आवृत्ती आणि मिळण्याचं ठिकाण लिहिलं.

आणि प्रतिमा अपलोड करण्याच्या एका स्क्रिप्टमध्ये अपडेट सर्व्हरचा पासवर्ड उघडा लिहिलेला सापडला. स्क्रिप्ट देणं बंधनकारक आहे, पासवर्ड देणं नाही. पासवर्ड बदलला, मग स्क्रिप्टमधून काढला, मग पूर्ण संचात खाजगी चाव्या आणि पासवर्ड शोधत दोघांनी वेगवेगळ्या वेळी चाळणी केली. हा क्रम लक्षात ठेवा: आधी बदला, मग काढा.

२७ तारखेला वायफाय सोडून बाकी सगळं बांधलं गेलं, २ मार्चला वायफायसकट. ४ मार्चला, सत्ताविसाव्या दिवशी, संच आमच्या सर्व्हरवर ठेवला आणि दुवा पाठवला. २.३ जीबी. लॉगिन नाही, फॉर्म नाही. खोक्यात ठेवायचा कागदही छापायला गेला: कोणती सॉफ्टवेअर्स, कोणती लायसन्स, आणि लेखी ऑफर. फक्त दुवा देऊन चाललं नसतं का, असं एकाने विचारलं होतं. दुसऱ्या आवृत्तीत बायनरी डाउनलोडला असेल तर शेजारीच कोड ठेवणं पुरतं. पण उपकरण खोक्यातून जातं तेव्हा ती तरतूद नीट लागू होत नाही, म्हणून लेखी ऑफर हवीच.

त्या संध्याकाळी मी लवकर घरी गेले.

९ मार्चला त्यांची मेल आली. बिल्ड झाला, उपकरण सुरू झालं, पण साधारण दोन तासांनी सेन्सर नाहीसा होतो. मूळ फर्मवेअरवर असं होत नाही. मी तपासलं, आमच्याकडेही तसंच. म्हणजे आम्ही दिलेला कोड आणि उपकरणातला कोड एक नव्हता.

उत्तर उपकरणातच लिहिलेलं होतं. कारखान्यातून गेलेलं २.१ चं एक उपकरण चालू करून कर्नलची आवृत्ती विचारली, तर तिच्या शेवटी "डर्टी" हा शब्द. कमिट न केलेले, म्हणजे कोडच्या इतिहासात न नोंदवलेले, बदल असताना कर्नल बांधला की तो स्वतःच्या नावापुढे हा शब्द लावतो. आम्ही २.१ चा टॅग, म्हणजे त्या इतिहासातली २.१ ची खूण, धरून सगळं गोळा केलं होतं. वाटलेली बायनरी मात्र टॅगच्या पलीकडच्या काही ओळींसह बांधलेली होती. ही एक आज्ञा मी ७ फेब्रुवारीला चालवली असती तर आठवडा वाचला असता. तुम्ही ती पहिल्या दिवशी चालवा, ग्राहकाकडे जातं त्याच उपकरणावर.

तो बिल्ड ज्याने केला होता त्याने वर्षापूर्वी नोकरी सोडली होती. फोन केला. त्याला नेमकं आठवत नव्हतं, पण त्याच्या जुन्या लॅपटॉपची डिस्क काढून ठेवली होती हे आठवलं. ती कपाटात सापडली. फरक निघाला १४ ओळींचा, दोन फायलींत, आयटूसी बसवर (सेन्सर जोडणाऱ्या तारांवर) सेन्सरच्या उत्तराची वाट किती वेळ पाहायची त्याबद्दलचा. चौदा ओळी. त्या नसताना बाकीचे २.३ जीबी त्या माणसाच्या उपयोगाचे नव्हते. मला यात सगळ्यात जास्त वाईट याचं वाटलं की आम्ही "संपूर्ण" म्हणून दिलं होतं आणि आम्हाला तसंच वाटत होतं.

१५ मार्चला, अडतिसाव्या दिवशी, दुरुस्त संच ठेवला. आठवडाभर दोन उपकरणं चालवून पाहावी असं मनात होतं, पण त्यांना अजून थांबवणं बरं वाटलं नाही. दोन दिवस चालवून दिला, आणि तसं लिहून दिला. ३० चौकटी आठ दिवसांपूर्वीच संपल्या होत्या. ती तारीख हुकल्याचंही पत्रात स्पष्ट लिहिलं. त्याच दिवशी सगळ्या जुन्या ग्राहकांना लेखी ऑफर मेलने गेली आणि २.२ आवृत्तीसह उपकरणं पुन्हा पाठवायला सुरुवात झाली. चार जणांचे मिळून सुमारे २१० तास लागले. जुन्या आवृत्त्यांचे संच मे अखेरपर्यंत एकेक करून तयार झाले, ते काम पहिल्यापेक्षा खूप सोपं गेलं.

त्यांना कोड कशासाठी हवा होता हे मी कधी विचारलं नव्हतं. विचारायचं नसतं, लायसन्स कारण मागत नाही. त्यांनी आपणहून २२ मार्चला सांगितलं. त्यांच्याकडे अशी पाच उपकरणं होती. आमच्या २.१ मध्ये सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या ओपनएसएसएल लायब्ररीची १.०.२ आवृत्ती होती, जिची सार्वजनिक देखभाल २०१९ अखेर थांबली आणि जिच्यात अशा जोडणीची टीएलएस १.३ ही नवी पद्धत नाही. त्यांच्या नव्या सर्व्हरला फक्त टीएलएस १.३ चालत होतं, त्यामुळे पाचही उपकरणं मुकी झाली होती. त्यांनी आमच्या संचात नवी लायब्ररी घालून प्रतिमा बांधली आणि पाचही पुन्हा बोलू लागली. त्या मॉडेलला नवं फर्मवेअर द्यायचं नाही असं आम्ही आधीच ठरवलेलं होतं.

मला डब्ल्यूआरटी५४जी आठवला. २००३ मध्ये त्या लिंक्सिस राउटरच्या फर्मवेअरचा कोड जीपीएलमुळे बाहेर आला, आणि त्याच्या आधारावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरच्या खुल्या फर्मवेअरचा प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीला तो बांधला जायचा बिल्डरूटवर, ज्याच्यावर आम्ही आमचं उपकरण बांधतो. हे मी कॉलेजपासून वाचत आले होते. त्याच साखळीच्या देणाऱ्या टोकाला आपण आहोत हे चार वर्षं ध्यानात आलं नाही, याची खंत आहे.

आता प्रत्येक आवृत्तीआधी तीन गोष्टी होतात. कमिट न केलेले बदल असतील तर बिल्ड सुरूच होत नाही. संच तयार होतो आणि तो मी सोडून दुसरं कुणीतरी, केबल काढलेल्या यंत्रावर, फक्त रीडमी वाचून बांधतं. बांधलेली प्रतिमा उपकरणावर दोन दिवस चालते. गेल्या महिन्यात २.४ च्या वेळी नव्याने आलेल्या मुलीने बांधायला घेतलं आणि ४७ मिनिटांनी बिल्ड थांबला: डिव्हाइस ट्रीची, म्हणजे उपकरणातल्या भागांचं कर्नलसाठी वर्णन करणारी, एक फाइल संचात नव्हती. आवृत्ती दोन दिवस पुढे ढकलली.

२.१ च्या ऑफरची तीन वर्षं आम्ही १५ मार्चपासून मोजतो, कारण जुन्या ग्राहकांना ती त्या दिवशी कळली. सेटिंगच्या प्रोग्रॅमसाठी तिसरी आवृत्ती याहून जास्त मागते: त्या मॉडेलला सपोर्ट किंवा सुटे भाग देत आहोत तोवर. म्हणून फोल्डरवर संपण्याची तारीख टाकलेली नाही. त्याची एक प्रत सर्व्हरवर आहे, एक डिस्कवर, आणि डिस्क त्याच कपाटात ठेवली आहे.